मरळीसाठी सॉफ्ट प्लास्टिक: कुठलं रबर, कितीचा गळ, ओवायचं कसं?

घटप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. रॉड ७ फुटी मीडियम हेवी आहे, त्यावर १० ते २८ ग्रॅम लिहिलंय. रीळ ३००० चं, ब्रेड (विणलेली दोरी) ३० पौंडी. पाणी म्हणजे हिडकलचं बॅकवॉटर आणि हुक्केरी भागातले एक-दोन तलाव. मासा अर्थात मरळ. रबरी ल्यूरबद्दल शोधायला गेलं की सगळं अमेरिकेतल्या बासचं निघतंय. टेक्सास, कॅरोलिना, वॅकी, नेड, ड्रॉप शॉट... यातलं आपल्या पाण्यात काय चालतं? ४ इंची पॅडल टेल (चपटी, हलणारी शेपटी असलेलं) आणि ५ इंची सरळ स्टिक वर्म (गांडुळासारखं) आणलेत. ऑफसेट गळ (डोळ्याजवळ घडी असलेले) १/० चे आहेत. दोन अडचणी. ओढताना रबर गरगर फिरूलालंय, आणि मासा धक्का देतो, दोरी ताणतो, पण गळ लागत नाही. चूक कुठं होऊलालीय?

तंगूस
दोन्ही अडचणी एकाच जागी आहेत. गळ लहान आहे आणि रबर वाकडं ओवलं जातंय.

आधी गळ. ऑफसेट गळात टोक आणि दांडी यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते तिला गॅप म्हणूया. मासा दाबतो तेव्हा रबर चेपून त्या गॅपमध्ये खाली सरकतं आणि टोक मोकळं होतं. रबर जाड आणि गॅप लहान असेल तर रबर गॅपमध्येच गच्च बसतं, टोकाला बाहेर यायला वाट राहत नाही. झटका कितीही जोरात मारा, तुम्ही फक्त रबर ओढताय. रबराच्या सर्वांत जाड भागाच्या निदान दुप्पट गॅप हवी.

४ इंची पॅडल टेलला ३/०, पोट जाड असेल तर ४/० (पुढचा आकडा मोठा तितका गळ मोठा). ५ इंची स्टिकला ४/०. ३ इंची पॅडलला १/० किंवा २/०. ६ इंची बारीक शेपटीच्या वर्मला ३/०. तुमचे १/० चे गळ टाकून देऊ नका, लहान रबराला येतील.

तारेची जाडी पण बघा. ३० पौंडी ब्रेड आणि मीडियम हेवी रॉडवर बारीक तारेचा गळ उघडतो. मरळीचं तोंड हाडाचं आहे, गळ कडक जागी अडकला की सगळा जोर वळणावर येतो. जाड तारेचा घ्या, मात्र टोक नखावर घासून बघा. नखावर अडकलं तर धार आहे, घसरलं तर कानस मारा नाहीतर बदला.

आता ओवणं, सविस्तर सांगतो.

१. गळाचं टोक रबराच्या नाकाच्या बरोबर मध्यात घाला. ५-६ मिलिमीटर आत जाऊ द्या, मग खालच्या अंगाला बाहेर काढा. पॅडलला पोट कुठलं ते आधी ठरवा, टोक पोटाच्या बाजूला निघालं पाहिजे.
२. गळ ओढत पुढं न्या, डोळ्याजवळची (दोरी बांधायच्या भोकाजवळची) घडी नाकात शिरेपर्यंत. मग गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक रबराकडं बघेल. डोळा नाकात बुडाला पाहिजे, पण गाठ आत कोंबू नका.
३. रबर सरळ लोंबू द्या. ओढू नका, दाबू नका. गळ बाजूला धरून वळणाचा तळ रबराला कुठं लागतो ते बघा आणि तिथं नखानं खूण करा.
४. त्या खुणेपाशी रबर किंचित वाकवून टोक आरपार घाला. पोटातून शिरून पाठीच्या मधल्या रेषेवर निघालं पाहिजे. ज्या रबराला पोटात चीर असते त्याचा फायदा इथंच.
५. टोक पाठीवर आलं की रबर एक-दोन मिलिमीटर पुढं सरकवून टोक फक्त कातडीखाली लपवा. खोल पुरू नका. बोट पाठीवरून फिरवलं तर टोचू नये, दाबलं की टोचावं.

शेवटची तपासणी. नाकाला धरून समोरून बघा. पाठ सरळ, फुगवटा नाही, गळ मध्यात. रबर मध्ये गोळा झालंय म्हणजे खूण नाकापासून फार लांब पडली. ताणलंय म्हणजे फार जवळ पडली. दोन्हीत ते पाण्यात फिरणारच. तिरपं ओवलेलं रबर पाण्यात "जाऊ दे" म्हणून टाकू नका. काढा आणि पुन्हा ओवा, आधीचं भोक अर्धा सेंटिमीटर बाजूला घेऊन. स्विव्हेल (फिरती कडी) लावून हा फिरण्याचा आजार बरा होत नाही, दोरीची पीळ थोडी कमी होते इतकंच.

खानापुरी
तंगूस अण्णांनी ओवण्याचं सगळं सांगितलं. मी बासवाल्या प्रश्नाकडं येतो, कारण तिथं लोक फार फसतात.

लार्जमाउथ बास आपल्या नद्यांत नाही. तो तोंड मोठं उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढून घेतो. त्याचे दात म्हणजे खरखरीत कागद, रबर सहसा कापलं जात नाही. मरळ चावते. तिला खरे सुळे आहेत. बऱ्याचदा आधी शेपटी धरते, चावून मारते, मग फिरवून गिळते. म्हणून तिकडच्या व्हिडिओत "टिक लागली की मार" सांगतात ते इथं जसंच्या तसं करू नका. दोरी सरकायला लागेपर्यंत थांबा. रॉडचं टोक माशाकडं करा, रिळानं ढिली दोरी गोळा करा, वजन हाताला लागलं की मग जोरात उचला. वरच्या पाण्यात रबरी बेडकावर मरळ फुटली तर अजून थोडं थांबावं लागतं. तो आवाज आणि फवारा बघून हात आपोआप वर जातो, आणि तिथंच मासा सुटतो.

आता एकेक रिग, म्हणजे गळ, रबर आणि वजन लावायची पद्धत.

टेक्सास: वर ओवायची रीत सांगितली तीच, पुढं दोरीवर गोळीच्या आकाराचं शिसं. पहिला मान यालाच. टोक लपलेलं असल्यामुळं लव्हाळा, पाणकणीस, बुडालेल्या बाभळी, सगळीकडून निघतो.

बिनवजनाचा टेक्सास: उथळ पाणी, वर जलपर्णी आणि मध्ये भोकं. ५ इंची मीठ घातलेली स्टिक स्वतःच ९-१० ग्रॅमची असते, तुमच्या रॉडवर तशीच जाते. भोकाच्या पुढं टाका, पानांवरून ओढत आणा, भोकावर आली की सोडून द्या. ती आडवी, थरथरत खाली जाते. बहुतेक वेळा मासा तेव्हाच धरतो.

पॅडल टेल: पोटाला वजन असलेला ऑफसेट गळ, ३.५ ते ५ ग्रॅम. पोट जड झालं की रबर सरळ पोहतं. तुमच्या गरगर फिरण्यावर अर्धा उपाय हाच आहे.

नेड: ३ ग्रॅमचं मशरूम हेड (अळंबीच्या आकाराचं वजन असलेला गळ), अडीच-तीन इंची तुकडा. उघडा गळ. वाळूच्या किंवा खडकाळ स्वच्छ तळावर ठीक. आमच्या खानापूरकडं मलप्रभेच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या आणि खडकाच्या डोहांत पाणी ओसरल्यावर चालतं. मासे लहान लागतात. आणि तुमच्या रॉडवर ते धड फेकलंच जाणार नाही, त्याला ३-१२ ग्रॅमचा हलका रॉड लागतो.

वॅकी: रबराच्या बरोबर मध्यात उघडा गळ. बासला फार गुणकारी, आपल्याकडं दोन कारणांनी फुकट. झाडोऱ्यात लगेच अडकतो, आणि मरळ एका चाव्यात अर्धं रबर नेते.

कॅरोलिना: १४ ते २१ ग्रॅमचं वजन, खाली मणी, स्विव्हेल, मग ४५ ते ९० सेंटिमीटर लीडर (गळाकडचा वेगळ्या दोरीचा तुकडा) आणि हलकं रबर. मोकळ्या तळावर लांब फेकण्यासाठी. हिडकलला पाणी उतरतं तेव्हा कडेचे उतार उघडे पडतात तिथं वापरता येईल. खोडं असतील तिथं नको, वजन आणि रबर दोन वेगवेगळ्या खोडांत अडकतं.

ड्रॉप शॉट, म्हणजे वजन तळाला आणि गळ त्याच्या वर, त्याबद्दल फारसं बोलण्यासारखं नाही. धरणाच्या खोल पाण्यात, बोटीतून, सरळ खाली. काठावरून त्याचा उपयोग कमी.

अंकली_मांजरी
रंगाबद्दल कुणीच बोलेना? चिकोडी-अथणीकडं कृष्णेचं पाणी वर्षातले कितीतरी महिने चहासारखं असतं. काळ्या मातीचा गाळ बसायला वेळ लागतो. तिथं रंगच महत्त्वाचा की ओ.

तंगूस
रंग शेवटी. आधी पाणी किती खोल, तळाला काय, झाडोरा किती. त्यावरून वजन आणि रिग. मग रबराचा आकार, मग गळ. हे सगळं जमल्यावर रंग. दुकानात मात्र लोक उलट्या क्रमानं जातात, म्हणून पेटीत चाळीस रंग आणि गळ एकाच मापाचे.

अंकली_मांजरी
गढूळ पाण्यात मासा बघणार कसा मग?

तंगूस
बघण्यापेक्षा जाणवून घेतो. माशाच्या अंगावर बाजूला जी रेघ असते ती पाण्याची थरथर टिपते. म्हणून गढूळ पाण्यात पहिला बदल आकार आणि हालचालीचा करा. बारीक शेपटीऐवजी रुंद पॅडल, सरळ स्टिकऐवजी पाय हलणारा बेडूक किंवा चिमटेवाला क्रॉ (झिंग्यासारखं रबर). ओढण्याचा वेग कमी. त्यानंतर रंग, आणि तो गडद. काळा, काळा-निळा, जांभळट. गढूळ पाण्यात खालून वर बघणाऱ्या माशाला गडद आकाराची कड उठून दिसते. स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी, ज्याला पंपकिन म्हणतात तो, नाहीतर धुरकट चंदेरी. ढगाळ दिवस, संध्याकाळ: पुन्हा गडद. तीन रंगांत वर्ष निघतं.

अंकली_मांजरी
पिवळा-हिरवा चकचकीत?

खानापुरी
मध्ये पडतो. चार्ट्रूस म्हणजे तो पोपटी-पिवळा, अर्धवट गढूळ पाण्यात चालतो, दीड-दोन फूट खालपर्यंत हात दिसतो तिथं. पूर्ण लाल पाण्यात कुठलाच रंग लांबून दिसत नाही, मग तिथं गडदच बरा. अख्खा पोपटी घेण्यापेक्षा काळ्या अंगाला पोपटी शेपटी घ्या. तुमचं दोघांचंही राहील.

निपाणीचा_गळ
शिशाबद्दल विचारतो. गोळीच्या आकाराची वजनं ऑनलाइन महाग पडतात. जाळ्याचं शिसं वापरलं तर? आणि किती वजनाचं?

तंगूस
चालतं, थोडी हातोडी लागते. फेकजाळ्याची लांबट शिशाची मणी घ्या. भोकात खिळा घालून ठेवा म्हणजे ते बुजणार नाही, मग एक टोक लाकडावर ठेवून हलक्या हातानं ठोकत निमुळतं करा. निमुळतं टोक दोरीच्या वरच्या अंगाला, रॉडकडं. उलटं लावलं तर सपाट बाजू झाडोरा गोळा करत येते.

खरा धोका भोकाच्या कडांचा. हाताने ठोकलेल्या शिशाची कड धारदार राहते, लीडर घासून घासून झटक्याच्या वेळी तुटतो. दोन्ही तोंडं मोठ्या खिळ्यानं फिरवून गुळगुळीत करा, आणि आत विजेच्या वायरीचं आतली तार काढलेलं बारीक प्लास्टिक नळकांडं घाला. दोन्हीकडं एकेक मिलिमीटर बाहेर ठेवा. शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवा, तंबाखू-चुना नंतर.

वजन: एक मीटरपर्यंत पाणी, विरळ गवत, ३.५ ग्रॅम. एक ते दोन मीटर, ५ ते ७. त्याखाली किंवा वारा असेल तर १०. दाट गवताची चादर भेदून खाली जायचं असेल तर १४ पासून पुढं. जलपर्णीचा गालिचा फोडायला २८ लागेल, पण रॉडवरचा २८ चा आकडा म्हणजे शिसं अधिक रबर अधिक गळ. ७ ग्रॅम शिसं आणि ९ ग्रॅम स्टिक म्हणजे तुम्ही १६ वर आलात. २८ ग्रॅमचं शिसं आणि वर १० चं रबर लावून हा रॉड पूर्ण जोरात फेकला तर कुठल्यातरी दिवशी टोक हातात येईल.

आपल्या भागात लोक वजन जास्त लावतात. तळ लवकर लागतो म्हणून बरं वाटतं, पण रबर दगडासारखं खाली जातं आणि खाली जातानाचा जो वेळ माशाला हवा तोच संपतो. तळ लागल्याचं समजेल इतकंच वजन.

निपाणीचा_गळ
आणि शिसं दोरीवर मोकळं ठेवायचं की अडकवायचं?

खानापुरी
गवत, खोडं, जलपर्णी असेल तर अडकवा, नाहीतर शिसं फांदीच्या एका बाजूला आणि रबर दुसऱ्या बाजूला राहतं. मोकळ्या तळावर मोकळं सोडा. मासा धरून हलला तर वजन लगेच कळत नाही त्याला, आणि मासा डोकं झटकतो तेव्हा शिशाचा आधार घेऊन गळ सोडवण्याची शक्यताही कमी होते. अडकवायला रबरी स्टॉपर वापरा, दोरीवर आधी तो, मग शिसं, मग गळ. लोक दातकोरणी घालून मोडतात. काम होतं, पण लाकडाची कड फ्लोरोकार्बनला (लीडरच्या पारदर्शक एकतंतू दोरीला) चरे पाडते. ब्रेडवर चालवून घ्या फार तर.

घटप्रभाकाठ
३/० आणि ४/० मागवतो. लीडर लावायचाच का? ब्रेड थेट गळाला बांधली तर गाठ कमी होते.

तंगूस
लावा. तीन कारणं. बुडालेल्या बाभळीवर ब्रेड घासली की लवकर तुटते, एकजीव जाड तंगूस (नायलॉनची दोरी) किंवा फ्लोरोकार्बन जास्त टिकतो. दुसरं, मरळीच्या दातांना. तिसरं कुणी सांगत नाही ते: स्वस्त ऑफसेट गळाचा डोळा पूर्ण मिटलेला नसतो, केसाइतकी फट राहते. बारीक ब्रेड ताणाखाली त्या फटीतून सरकून निघते. गळ सुटल्यावर दोरीला गाठ जशीच्या तशी दिसली तर कारण हेच.

लीडर २५ ते ४० पौंडी, ४० ते ६० सेंटिमीटर. नदीत शिवडा असेल तर ५० च्या पुढं. त्याचे दात बारीक पण भरपूर, कानशीसारखे घासतात. ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ (ब्रेड लीडरभोवती विणून मारायची) बारीक होते, गाइडमधून, म्हणजे रॉडवरच्या कड्यांतून, सहज जाते. येत नसेल तर डबल युनी. ब्रेडच्या बाजूला ८ वेढे, लीडरच्या बाजूला ४. गळाला पालोमार: दोरी दुहेरी करून डोळ्यातून काढा, सैल साधी गाठ मारा, तयार झालेल्या फासातून अख्खा गळ काढा, थुंकीनं ओली करा, दोन्ही दोऱ्या धरून ओढा. कोरडी ओढली की घर्षणानं तिथंच कमकुवत होते. शिसं आणि स्टॉपर आधी ओवायचे, हे गाठ मारल्यावर आठवतं बहुतेकांना.

हुक्केरी_रोड
माझी वेगळी भानगड आहे. दोन पाकिटांतली रबरं एका डब्यात ठेवली, एकमेकांत विरघळून चिकट गोळा झाला. डब्याचा तळही मऊ पडला. माल खोटा होता का?

खानापुरी
खोटा नाही, दोन जातींचा होता. बहुतेक रबरं म्हणजे पीव्हीसी, त्यात मऊपणासाठी तेलासारखा प्लास्टिसायझर घातलेला. दुसरी जात टीपीई, जी हातानं पाचपट ताणली तरी तुटत नाही. झेड-मॅनचं इलॅझटेक हे त्याच जातीचं. ही दोन एकत्र आली की एकमेकांना विरघळवतात. आणि पीव्हीसीमधला तो प्लास्टिसायझर पॉलिस्टायरीनच्या कडक पारदर्शक डब्यालाही खातो, रंगवलेल्या कडक ल्यूरलाही. रबरं ज्या पाकिटात आली त्यातच ठेवा. गडद आणि फिकट वेगळे, नाहीतर काळ्याचा रंग पांढऱ्यात उतरतो.

ओळखायचं कसं: टीपीई पाण्यात तरंगतं आणि प्रचंड ताणतं. मीठ घातलेलं पीव्हीसी बुडतं आणि ताणलं की तुटतं.

मरळीसाठी दोन्हींचे गुण वेगळे. टीपीईची शेपटी चावून लवकर तुटत नाही, चिलापी कुरतडतात तिथं तर फारच टिकतं. पण ते गळावर ओवायला त्रासदायक, सरकतं, आणि तरंगत असल्यामुळं बिनवजनाचं खाली जात नाही. बुडत जाणारी स्टिक हवी तर पीव्हीसीच.

निपाणीचा_गळ
उन्हाळ्यात गाडीत ठेवून शेपट्या वाकल्यात. फेकायच्या का?

तंगूस
नको. वाफ निघणारं पण न उकळणारं पाणी घ्या, चिमट्यानं धरून अर्धा मिनिट बुडवा, सपाट फरशीवर सरळ ठेवा, वरून गार पाणी. आकार परत येतो. वाकड्या शेपटीचं पॅडल कितीही सरळ ओवलं तरी एका बाजूला झुकतं, तेव्हा हे आधी तपासा.

फाटलेलं नाक जोडायचं असेल तर पीव्हीसीच्या दोन्ही कडा तापवलेल्या सुरीच्या पात्यानं मऊ करून मिनिटभर दाबून धरा. मोकळ्या हवेत करा. जाळू नका, पीव्हीसीचा जळका धूर घशाला आणि फुप्फुसाला वाईट. नाक फारच फाटलं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून टाका, स्टिक थोडी आखूड झाल्यानं काही बिघडत नाही. कापलेले, फाटलेले तुकडे पाण्यात टाकू नका. मासा गिळतो आणि त्याला ते पचत नाही. खिशात टाकून घरी न्या.

अंकली_मांजरी
वासाचं काय? लसूण, खोबरेल लावतात लोक.

खानापुरी
मरळ हालचालीवर धरते, वासाला दुसरा नंबर. शिंगाळ्यासारख्या मिशीवाल्या माशाला वास महत्त्वाचा. लावायचाच तर लसणाचा रस थोडा, हातावरचा विडीचा-पेट्रोलचा वास झाकला जातो इतकाच फायदा. खोबरेल निपाणी-बेळगावच्या थंडीत गोठून पांढरा थर बसतो, शेपटी हलेनाशी होते.

हुक्केरी_रोड
आणि रबरी बेडूक? मरळ म्हटलं की सगळे तेच सांगतात. मग या वर्मच्या भानगडीत पडायचं कशाला?

तंगूस
बेडकाचे दोन प्रकार, ते वेगळे धरा. पोकळ बेडूक: आत हवा, पाठीला चिकटलेला दुहेरी गळ. दाट गालिच्यावर याच्यासारखं काही नाही. पण तो फक्त वर चालतो. तपासायच्या तीन गोष्टी. दाबला की दोन्ही टोकं सहज उघडी पडली पाहिजेत, कडक अंगाचा घेऊ नका. गळ अंगाला फार चिकटून असतील तर पक्कडीनं किंचित, अगदी एक-दोन मिलिमीटर, बाहेर उघडा. आणि नाकातून पाणी शिरतं, दर काही फेकींनी दाबून काढा, नाहीतर मागून बुडत येतो.

दुसरा भरीव बेडूक, पाय फडफडणारा. तो ४/० किंवा ५/० ऑफसेटवर टेक्साससारखाच ओवायचा, वजन नाही. वर फडफडत आणा, भोकावर थांबवा, तो बुडतो. पोकळ बेडकाला हे जमत नाही.

वर्म कशाला? दुपारचं ऊन, पाणी थंडगार, किंवा वर येऊन मासा दोन-तीनदा नुसता उसळून गेला, अशा वेळी. बेडकावर उसळलेल्या जागी लगेच बिनवजनाची स्टिक टाका. दुसरा रॉड बांधून तयार असेल तर उत्तम. मरळीला हवेसाठी वर यावंच लागतं, तो श्वास घेतल्याचा फुगा आणि वलय दिसतं. त्या वलयावर टाकू नका, भडकून जाते. वलयाच्या मीटर-दीड मीटर पुढं टाकून त्यावरून ओढत आणा.

नियंत्रक
मध्येच दोन शब्द. बरेचसे तलाव आणि जलाशय मासेमारीच्या ठेक्यावर असतात. गळ टाकण्याआधी ठेकेदाराला, गावच्या पंचायतीला किंवा मत्स्य खात्याला विचारा. पिण्याच्या पाण्याच्या तलावांवर जाऊ नका. कृष्णेत मगरी आहेत, कमरेइतक्या पाण्यात उतरून अडकलेलं रबर सोडवायला जाऊ नये.

आणि पावसाळ्यात पाण्यावर लालसर बारीक पिल्लांचा घोळका दिसला तर त्याखाली मरळीची जोडी राखण करत असते. ती रबरावर तुटून पडते, भुकेनं नाही, पिल्लं वाचवायला. ती काढली की पिल्लांना दुसरे मासे खाऊन टाकतात. अशा जागेचे ठिकाण इथं कुणी लिहू नये, लिहिलेलं काढून टाकलं जाईल.

घटप्रभाकाठ
गळाचं माप बदललं. ४/० वर स्टिक ओवली, फिरणं थांबलं. आता नवीन अडचण: टोक कातडीखाली लपवलं तरी तीन-चार फेकींत बाहेर येतं आणि गवत अडकूलालंय.

तंगूस
तेच ते भोक पुन्हा पुन्हा वापरताय. पाठीवरचं भोक सैल झालं की टोक राहत नाही. रबर दोन-तीन मिलिमीटर मागं-पुढं करून टोक नव्या जागी घाला. मीठ जास्त असलेली रबरं इथं लवकर फाटतात, त्याला इलाज नाही. दुसरं कारण नाकाकडं असू शकतं. रबर डोळ्यावरून खाली सरकत असेल तर मागचा भाग गोळा होऊन टोक बाहेर ढकलतो. डोळ्याजवळ, नाकातून आडवा, जाड तंगुसाचा सेंटिमीटरभर तुकडा डोळ्याच्या भोकातून आरपार घाला आणि दोन्ही बाजू कातडीलगत कापा. रबर जागचं हलत नाही.

घटप्रभाकाठ
डोळ्यात लीडरची गाठ आहे, तंगूस शिरेल का?

तंगूस
४/० च्या डोळ्यात शिरतो, ४० पौंडीचा तुकडा घ्या. नाही शिरला तर पुढच्या वेळी नाकात स्प्रिंग असलेला स्क्रू-लॉक गळ घ्या. स्प्रिंग नाकात पीळ देत फिरवायची, तीन-चार वेढे, बरोबर मध्यात. तिरपी गेली तर पहिल्या पानावर या, गरगर फिरायला लागेल.